आडवा उमेदवार

"माणसाची उंची म्हणजे काही मारुतीचा पार नव्हे, एकदा बांधला की तेवढाच राहायला! ती सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी!" असं अंगदने आईला, बजरंगला आणि दावणीच्या म्हशीला ठणकावून सांगितलं आणि तो आडवा झाला. भरतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. मोजणीच्या साहेबांसमोर उभं राहीपर्यंत पाठ टेकलेलीच ठेवायची, हा त्याचा बेत होता.

आता तुम्ही म्हणाल, हे काय खूळ? पण खूळ नव्हतं ते, विज्ञान होतं! धारूरचा अंगद बी.एस्सी. झालेला, आणि प्रत्येक गोष्ट मोजून बघायची त्याला खोड. पोलीस भरतीला उंची लागते एकशे पासष्ट सेंटिमीटर. त्याची भरायची एकशे साडेचौसष्ट. अर्धा सेंटिमीटर कमी. तुरीचा एक दाणा! तेवढ्या दाण्याने त्याचं सगळं आयुष्य अडवून धरलं होतं.

पळायला मात्र असा, की किल्ल्याखालची कुत्रीसुद्धा थोडं अंतर मागे लागून नाद सोडून द्यायची. पण भरतीत आधी उंची मोजतात आणि मग पळवतात. त्यामुळे मागच्या दोन भरत्यांत मैदानावर त्याला पळायला मिळालं, ते फक्त बाहेरच्या फाटकापर्यंत. आणि या वर्षानंतर वय निघून जाणार होतं. म्हणजे ही शेवटचीच.

त्या तुरीच्या दाण्याने अंगद आतून पार पोखरला होता. फोटो काढताना विटेवर उभा राहायचा. कुणी उंची विचारली, तर "एकशे पासष्ट" म्हणायचा आणि म्हणताना टाचा उचलायचा. मुलगी बघायला गेला, तेव्हा उंची दिसू नये म्हणून निघायची वेळ झाली तरी बसूनच राहिला. मुलीकडच्यांना वाटलं, पोराचे पाय अधू आहेत. स्थळ मोडलं.

अशा उदास दिवसांत त्याला शोध लागला. मणक्यांच्या मधल्या चकत्या रात्रभर आडवं पडलं की पाणी पिऊन फुगतात आणि दिवसभर उभं राहिलं की चेपतात. घरच्या भिंतीला त्याने मोजून बघितलं. पहाटे तो एकशे पासष्टच्या वर भरत होता! मग अडचण उरली एकच. धारूरहून बीडच्या मैदानापर्यंत त्या फुगलेल्या चकत्या न्यायच्या कशा?

"माझ्या पिकअपमदी," बजरंग म्हणाला. बजरंग त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, भाजीपाल्याची गाडी चालवायचा. "आडवा घालून नेतो तुला. कोबी नेतो तसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तयारी झाली. एकेक गोष्ट शास्त्राला धरून. बाज मध्ये खोल जाते, पाठ वाकते. म्हणून बजरंगने मांडववाल्याकडून बांबूची सरळ शिडी आणली. गाडी हिसके देते, तेव्हा पाय फाकून कंबर वाकडी होऊ नये म्हणून पायांचे अंगठे सुतळीने एकमेकांना बांधले. घाटातल्या धुळीने शिंक येते, आणि एका शिंकेचा केवढा दाब चकत्यांवर पडतो! म्हणून नाकात कापूस. वाऱ्यासाठी कानातही कापूस. आणि ऊन लागू नये म्हणून वरून चादर. पांढरीच, कारण पांढरं कापड तापत नाही.

आई दुधाची वाटी घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

"आरं, आसं कावून निजलास रं?"

"शास्त्र हाय, आई."

"मंग मी आता मोकळी रडू का?" आई म्हणाली. तिने त्याच्या तोंडात चमच्याने दूध घातलं, पदराने डोळे पुसले आणि तुरीच्या काढणीला शेतावर निघून गेली. फोन नेहमीसारखा कोनाड्यात राहिला.

शेजारच्या चौघांनी शिडी खांद्यावर घेऊन गाडीत ठेवली. आभाळ मळलेल्या धोतरासारखं झालं होतं. गाडी घाट उतरू लागली, तशी मागून आलेल्या एस.टी.ने हॉर्नसुद्धा दिला नाही. ड्रायव्हरने एक हात छातीला लावला आणि बस हळू केली. अंगदला यातलं काही कळलं नाही. रात्रभर चकत्यांच्या काळजीने जागा होता, आता त्याला गाढ झोप लागली होती.

तेलगावला चाकात हवा भरायला बजरंग थांबला. तिथे आदिनाथचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस असो की तेरावा, आदिनाथचा फ्लेक्स माणसाच्या आधी तयार. तो अंगदच्या वर्गातला. शिडीवरची पांढरी चादर बघून तो पळत आला.

"बजरंग, मागं कोण हाय बे?"

"अंगद."

"आपला अंगद? आन् हे आसं?"

"काय सांगू. काल दुपारपासनं आसाच हाय. उठला न्हाई."

"कशानं झालं बे?"

"उंची! दुसरं काय! त्या भरतीपायी सगळं केलं यानं."

आदिनाथने पायातल्या चपला काढल्या. "घरच्यांनी आडवलं न्हाई?"

"ऐकतोय का कुणाचं? आईनं लई समजावलं. शेवटी मीच शिडी आणली."

"मंग बीडाकडं कावून नेतो?"

"मोठ्या साहेबाम्होरं नेतो. मोज म्हणावं आता, आन् सांग म्हणावं, काय कमी होतं ह्याच्यात!"

बजरंगची झोप झाली नव्हती, त्यामुळे त्याचे डोळे लाल होते आणि तोंड उतरलं होतं. आदिनाथला एवढा पुरावा पुष्कळ झाला. गाडी वळणाआड जाते न जाते तोच त्याने मोबाइलमधून अंगदचा गॉगल घातलेला जुना फोटो शोधून काढला, त्याच्या कोपऱ्यात मेणबत्ती ठेवली आणि खाली तयार मजकूर चिकटवला: 'उंचापुरा, उमदा मित्र हरपला. भरतीने घेतला बळी. न्याय मिळालाच पाहिजे!'

ज्या माणसाला जिवंतपणी अर्धा सेंटिमीटर मिळाला नाही, त्याला आदिनाथने एका झटक्यात उंचापुरा करून टाकलं. तो फोटो तेलगावातून वडवणीला गेला, वडवणीतून बीडला गेला. धारूरला वळसा घालून केजजवळच्या मूळ गावी अंगदच्या चुलत्याच्या, बबनरावांच्या मोबाइलवरही जाऊन पोचला. हे बबनकाका अंगदला कधी नावाने हाक मारायचे नाहीत. टिल्ल्या म्हणायचे. भावकीच्या पंगतीतसुद्धा.

वडवणीत आठवडी बाजार भरला होता. अंगदला जाग आली ती घोषणेने.

"अंगद भाऊ! अमर रहे!"

कुणीतरी पुढारी गेला असावा, असं त्याला कापसाआडून वाटलं. मग गाडी थांबली. बजरंगचा आवाज आला, "आवो ऐका की! तसं न्हाई ते! आवो, तो निसता झोपलाय!" आणि त्यावर कुणीतरी दाटल्या गळ्याने म्हणालं, "व्हय बाबा. आपल्यासाठी झोपलाच हाय तो."

माणसांनी पिकअपला गराडा घातला. मेथीच्या जुड्या तुडवत, माणसं बाजूला सारत एक बाई गाडीच्या फळीवर चढली. आवाज ऐकताच अंगदने ओळखलं. केशरआत्या! अकरावी-बारावीला तो वडवणीत हिच्याकडेच राहिला होता.

"आरं माझ्या लेकरा रं!" आत्याने त्याच्या छातीवर डोकं टेकवलं. "तुला दूध पाजलं रं मी! चौकटीला लोंबकाळायला लावलं! वाढ म्हणून रोज छळलं! कशापायी रं? हाय तेवढा बास होतास की! माझ्या दारातनं येताना समद्यांची टाळकी आपटत्यात रं! तू येवढाच बेतानं बसत होतास!"

चौकटीबद्दल आजवर कुणी अंगदला असं सांगितलं नव्हतं. उठावं आणि तिला धरावं, असं त्याला वाटलं. पण उठला की चकत्या चेपणार. चकत्या चेपल्या की भरती गेली. भरती गेली की सगळंच गेलं. मग त्याने मध्यम मार्ग काढला. न हलता, ओठांतल्या ओठांत तो म्हणाला,

"आत्या, मी जित्ता हाय. फकस्त उठता येत न्हाई."

झालं! आत्याने अशी किंकाळी फोडली, की बाजारातल्या शेळ्या दावं तोडून सुटल्या. "आत्मा बोलतोय!" कुणीतरी ओरडलं. "उठता येत न्हाई म्हणतोय!" एका म्हाताऱ्याने डोकीचा पटका सारखा केला आणि हात जोडले. "उठू नगं बाबा. मागं बघू नगं. सुखानं जा."

आणि तेवढ्यात आत्याचा श्वास अडकला. तिला जुना दमा. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, ओठ निळे पडू लागले. पंप घरी, देवघराच्या फळीवर. हे जमलेल्या माणसांत एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस मेलेला होता.

अंगदने ती शिट्टी ऐकली. एकदा. दुसऱ्यांदा ऐकायला तो थांबला नाही.

तो ताडकन उठला! उठला आणि गाडीतून उडी मारली. अंगठे बांधलेले आहेत, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो मिरच्यांच्या ढिगात पालथा पडला होता. सुतळी तोडली आणि पळत सुटला. खांद्याला अडकलेली पांढरी चादर मागे फडफडतेय, नाकात कापूस, अनवाणी पाय! बाजार दुभंगला. भांडीवाला भांड्यांत पडला. एका बाईने कोंबडी समजून शेजारणीलाच काखेत मारलं. 'अमर रहे'वाले सगळ्यांत आधी पळाले. आणि भजीवाल्याच्या कढईआडून कौतुकाचा आवाज आला,

"काय पळतंय बे मढं!"

चकत्या चेपत होत्या. प्रत्येक पावलागणिक त्या चेपताना त्याला कळत होत्या. तरी इतका मोकळा तो कधी पळाला नव्हता. आत्याच्या दारातून सरळ आत शिरला, फळीवरून पंप घेतला आणि सरळ बाहेर पडला.

पंपाचे दोन दाब घेतल्यावर आत्याच्या छातीतली शिट्टी थांबली. तिने डोळे उघडले, अंगदच्या तोंडावरून हात फिरवला. तो जिवंत असल्याची खात्री पटली, तशी त्याच हाताने कानाखाली ठेवून दिली.

"मुडद्या! ह्ये काय सोंग काढलंस!"

"चल बे, आडवा हो!" बजरंग घाई करत होता. "आजून टाइम हाय!"

"आता काय आडवा होतो," अंगद पुढे त्याच्या शेजारी बसत म्हणाला. "चकत्यांचे पापड झालेत."

गाडी बीडला पोचली. मैदानाच्या फाटकावर हवालदार मोबाइल बघत बसले होते. त्यांनी एकदा मोबाइलकडे आणि एकदा अंगदकडे बघितलं.

"तू तर सकाळी वारलास ना?"

"व्हय साहेब. पण भरतीला आलोय."

"या लोकांचं काही खरं नाही," असं म्हणत त्यांनी आत सोडलं.

मोजणीच्या खांबाला तो उभा राहिला. दर वेळी इथे मान ताणायचा, श्वास कोंडायचा, टाचांखाली वारा जाईल एवढीच फट ठेवायचा. आज नुसता उभा राहिला. साहेबांनी सवयीने ओरडून सांगितलं, "टाचा टेक!" मग खाली बघितलं. टाचा टेकलेल्या होत्या.

"एकशे चौसष्ट पूर्णांक चार. अपात्र. फेरमोजणीचा अर्ज देता येतो. द्यायचाय?"

"नको साहेब. बरोबर मोजलंय तुम्ही." तो दोन पावलं गेला आणि मागे वळला. "साहेब, मैदानाला नुसती एक फेरी मारू का? मोजू नका."

"पुढचा!" साहेब म्हणाले.

गाडीत येऊन बसला तेव्हा बजरंग चहा आणायला गेला होता. ऊन पडलं नव्हतं, सावलीही नव्हती. बाहेर पात्र झालेली पोरं बुटांच्या नाड्या बांधत होती. सीटवर पडलेला बजरंगचा फोन वाजायला लागला, तो अंगदने उचलला.

"बजरंग! कुठवर आलात रं?" बबनकाका होते आणि लहान पोरासारखे हुंदके देत होते. "वैनी फोन उचलंना. हिकडं रानात जागा केलीय. सरण रचाया घेतलंय. पावणेसहा फूट धरलंय. बास हुईल ना?"

आपण जिवंत आहोत, हे आधी सांगायला हवं होतं. पण आकडा चुकीचा होता आणि अंगदला ते बघवलं नाही.

"पावणेसहा लई होतंय, काका. पाच फूट पावणेपाच इंच हाय."

खरा आकडा त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने कुणाला तरी सांगितला होता.

"गप बे!" काका कडाडले. "माझ्या पुतण्याची उंची तू मला सांगतो का? ताडमाड गडी होता! माझ्या दारातनं वाकून यायचा! पावणेसहाच्या आत बसतच न्हाई त्यो!"

"काका, मी अंगदच बोलतोय. जित्ता हाय मी."

पलीकडे एक ओंडका खाली पडल्याचा आवाज आला. मग नाक शिंकरल्याचा आवाज.

"कोण? टिल्ल्या?"

"व्हय काका."

"मग आधी बोलायचं की मेल्या! ही येवढी लांब लांब लाकडं तुझ्यासाठी तोडली, ती आता कोण घेणार?"