जेवणानंतरची वीस मिनिटं

डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन याद्या लिहिल्या. एक खायच्या पदार्थांची, दुसरी न खायच्यांची. दुसरीला कागदाची मागची बाजूही लागली. आवक-जावक विभागातल्या ताईंचा सहावा महिना संपत आला होता, आणि काही बायकांना गरोदरपणातच होतो तो मधुमेह त्यांना निघाला होता.

"बाळंतपण झालं की बहुतेक जातो हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर मोजून खायचं. प्रत्येक जेवणानंतर वीस मिनिटं चालायचं. जेवून तास झाला की बोटातला थेंब काढून साखर बघायची आणि वहीत लिहायची. एकशेचाळीसच्या आत राहिली तर उत्तम. नाहीतर इन्सुलिन, रोज, पोटात."

ताई सुईला इतक्या भीत की फाटलेला परकरसुद्धा नवरा शिवून देई. त्यांनी त्याच दिवशी भात वाटीत मोजून घेतला, तोही शीग न ठेवता. केळ्यांचा घड शेजारी देऊन टाकला आणि शेजारीण तो खाईपर्यंत तिच्याशी बोलणं टाळलं.

ऑफिसात मात्र कोणाला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. बाळाची बातमी सांगितली तेव्हा अठरा जणांनी अठरा सल्ले दिले होते आणि त्यातले नऊ उरलेल्या नऊंच्या विरुद्ध होते.

आता चालायचं कुठे? बाहेर रस्त्यावर वाहनं, तळमजल्यावर अर्जदारांची गर्दी, पहिल्या मजल्यावर साहेबांची खोली. राहिले दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे व्हरांडे. पहिल्या दिवशी तिथे पाच जणांनी विचारलं, "ताई, कोणाला शोधताय?" त्यांनी संध्याकाळी नवऱ्याला हे सांगितलं.

"फाइल घेऊन चाल," नवरा म्हणाला. "हातात फाइल असली की माणसाला कोणी काही विचारत नाही." तो स्वतः चौदा वर्षं दुसऱ्या एका ऑफिसात होता. हा त्याच्या नोकरीचा अर्क होता.

दुसऱ्या दिवसापासून ताई फाइल घेऊन चालू लागल्या. सोबत घड्याळ आणि वही. दम लागला की एखाद्या दारात थांबत. दारात थांबलेला माणूस आत बघतोच, आणि आत बघितलं की आतला माणूस दचकतो. मग त्या घड्याळ बघत, वहीत काहीतरी लिहीत आणि पुढे जात.

"तीन दिवस बघतोय मी," तिसऱ्या मजल्यावरचे हेडक्लार्क टायपिस्टला म्हणाले. "एक पस्तीसला वर येते, एक पंचावन्नला खाली जाते. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. सरकारी माणूस इतका वेळेवर कशाला येईल?"

"अहो, आवक-जावकच्या ताई त्या. सातवा लागलाय त्यांना."

"तेच म्हणतोय मी. सातव्या महिन्यातल्या बाईचा संशय कोणाला येणार? गुपचूप तपासणीसाठी वरच्यांनी डोकं चालवलंय यावेळी."

खात्री करून घ्यावी म्हणून हेडक्लार्क दुसऱ्या दिवशी मुलीच्या वाढदिवसाच्या केकचा तुकडा बशीत घेऊन व्हरांड्यात उभे राहिले. वर क्रीमचं गुलाबी फूल होतं.

"घ्या ताई, तोंड गोड करा."

ताईंनी फुलाकडे पाहिलं. त्यांनी सतरा दिवसांत गोड असं काही पाहिलंसुद्धा नव्हतं. "नको," त्या म्हणाल्या.

"अर्धा?"

"नको हो, नाही चालत मला."

"निदान चहा तरी?"

"बिनसाखरेचा असला तर. तोही पाव कप."

हेडक्लार्क बशी घेऊन परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "डोळ्यांत पाणी आलं बाईच्या, पण घेतला नाही," ते म्हणाले. "अशी माणसं फार धोक्याची. यांना वळवता येत नाही."

त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरचा पत्त्यांचा डाव अर्ध्यावर मोडला. दुसऱ्या मजल्याने कपाटं उघडली. एका कपाटातून तीन वर्षांपूर्वीचे अर्ज निघाले, आणि अर्जदार हयात आहेत असं धरून त्यांना उत्तरं लिहिली जाऊ लागली.

पण ऑफिसातलं कुठलंही पत्र बाहेर पडायचं म्हणजे आवक-जावकमधून. तिथे त्यावर क्रमांक पडतो, नोंद होते, शिक्का बसतो, पाकीट चिकटतं. एरवी दिवसाला तीस पत्रं येत. सोमवारी दोनशे आली. मंगळवारी दोन मजल्यांवरून दोन खोकी आली आणि "आजच जायला हवं" असा निरोपही आला.

ताईंना खुर्चीतून उठता येईना. डाव्या हाताने काकडी आणि उजव्या हाताने शिक्का, असं जेवण होऊ लागलं. वीस मिनिटांची पाच झाली, मग तीही गेली. वहीतले आकडे एकशेतेवीसवरून एकशेअडतीस, एकशेएकोणपन्नास, एकशेसत्तावन्न असे चढत गेले.

"हे काय हो?" डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली. "चोरून खाताय का काही?"

"काकडी खाते मी. काकडी कोणी चोरून खातं का?"

"बरं. एक आठवडा देते. आकडा खाली आला नाही तर सुई सुरू."

वर मजल्यांवरही चिंता होती. "चालायच्या थांबल्या," टायपिस्ट म्हणाली.

"म्हणजे पाहणी संपली. आता खाली बसून अहवाल लिहितेय," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी तिसरं खोकं खाली पाठवलं.

शेवटी ताई साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब उभे राहिले. शिपायापासून मंत्र्यापर्यंत कोणासाठीही ते अकरा वर्षांत उठले नव्हते, कारण दुपारी ते सहसा खोलीत नसत.

"बसा ताई. मला कल्पना आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही विचारायच्या आत सांगतो. दुपारी मी घरी जातो तो आईला औषध द्यायला. आई धाकट्या भावाकडे असते, पण औषध माझ्याकडे असतं."

"साहेब, मला शुगर आहे."

"आणि परवाची ती सही... काय म्हणालात?"

ताईंनी सगळं सांगितलं. याद्या, काकडी, वीस मिनिटं, सुई. वही त्यांच्यापुढे ठेवली. साहेबांनी पानं चाळली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग थोडी शरम, आणि मग बराच विचार. टेबलावर मुख्य कार्यालयाचं पत्र होतं. मागच्या पंधरवड्यात या ऑफिसाने जेवढी प्रकरणं निकाली काढली, तेवढी कुठल्याच ऑफिसाने काढली नव्हती.

"हे आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"घरच्यांना."

"मग तिथेच राहू द्या," साहेब म्हणाले. "तुमच्या टेबलावर उद्यापासून दोन माणसं देतो. तुम्ही चाला. दुपारी चाला, चार वाजता काही खाल्लंत तर तेव्हाही चाला. पहिला मजलाही घ्या जमलं तर. तिथे फार सुस्ती आहे."

ताई चालू लागल्या. आठवड्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. एकशेबावीस, एकशेअठरा, एकशेएकवीस. "छान," त्या म्हणाल्या. "सुईचं नाव नको आता. फक्त यात खंड पडू देऊ नका."

ताईंनी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप घेतली. सकाळी ऑफिसात आल्या, तर त्यांच्या नावाचं पाकीट आलेलं. आवक नोंद त्यांनीच केली आणि मग उघडलं. ऑफिसाच्या कामगिरीमागे कोण आहे, याची मुख्य कार्यालयाने परस्पर चौकशी केली होती. ताईंना तपासणी पथकात बढती मिळाली होती. दाराशी गाडी, बसायला वेगळी खोली, आणि रोज एका कार्यालयात पाहुणचारासह तपासणी.

ताईंनी नवऱ्याला फोन केला. "तपासणीला गेलं की काय करतात रे?"

"काय करणार? गाडीतून उतरतात, खुर्चीत बसतात. समोर खायला येतं. ते संपलं की सही."

"मध्ये चालायचं नसतं?"

"तपासणी अधिकारी? छे. त्याच्याकडे लोक चालत येतात."

ताईंनी फोन ठेवला. पोटावरून एकदा हात फिरवला आणि चार ओळींत नकार लिहिला: प्रकृतीच्या कारणास्तव आहे त्याच पदावर राहू द्यावं. स्वतःच क्रमांक घातला, शिक्का मारला, पाकीट चिकटवलं आणि जेवायला बसल्या.

ही बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचायला चार मिनिटं लागली.

"बढती नाकारली?" टायपिस्ट म्हणाली. "गाडी मिळत असताना?"

हेडक्लार्कनी पुढ्यातली फाइल हळूच उघडली.

"म्हणजे आपलं प्रकरण," ते म्हणाले, "आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार मोठं आहे."

एक पस्तीस झाले होते.