विहिरीचं पथ्य

करंजवडीची विहीर आजारी पडली म्हणून तिला तालुक्याच्या दवाखान्यात दाखल केलं, बायकांच्या वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी जमिनीतून झिरपत तिच्या पोटात गेलं होतं. पार जांभळी पडली होती बिचारी.

आजाऱ्याजवळ घरचं कुणीतरी लागतं. बाकीच्यांना शेतातली कामं होती, म्हणून सहा महिन्यांच्या ओवीला कडेवर घेऊन वैजयंता राहिली. ओवीचं उष्टावण तोंडावर आलेलं. आता तिला पाणी पाजायला लागणार, आणि गावाला दुसरं पाणी नव्हतं. वैजयंता घडीघडी उठून विहिरीत वाकून बघायची. रंग तसाच.

उपचार मुलाणी मॅडमचे होते. मॅडम संशोधनातल्या डॉक्टर. चार वर्षं त्याच कारखान्यामागच्या चिखलात बसून त्यांनी तो रंग खाऊन जगणारे जिवाणू शोधून काढले होते. डोळ्यांना दिसायचे नाहीत इतके बारीक. मॅडम ते सलाईनमधून विहिरीला देत. एवढी शिकलेली बाई, पण बाटली बदलायला कुणाला हाक मारत नसे.

आठवडा झाला तरी उतार पडेना. मॅडमनी पाणी तपासलं आणि विचारलं, भेटायला कोण कोण येऊन गेलं?

वैजयंताने खरं ते सांगितलं. सगळं गाव येऊन गेलं होतं. आजाऱ्याकडे हात हलवत कोण जातं? कुणी केळी आणली, कुणी लिटरभर दूध. सासूबाईंनी तर डबाभर गव्हाची खीर सावकाश आत ओतली होती.

मॅडम रागावल्या नाहीत. "जिवाणूंना खीर मिळाल्यावर ते रंग कशाला खातील?"

"खरंय," वैजयंता म्हणाली. "माझी थोरली पण बिस्कीट मिळालं की भाताला तोंड लावत नाही."

त्या दिवसापासून ती वॉर्डाच्या दारातच बसली. सासूबाई शिरा घेऊन आल्या, तो तिने नर्सबायांना वाटून टाकला. सून म्हणून आणली आणि वॉचमन निघाली, असं सासूबाई खाटेखाटेला सांगत फिरल्या. बायका हसल्या. वैजयंता दारातून हलली नाही.

दोन दिवस जिवाणू उपाशी राहिले. तिसऱ्या दिवशी रंगाला लागले. एकोणिसाव्या दिवशी विहिरीचा तळ दिसला.

मॅडमनी ग्लास भरला आणि आधी स्वतः प्यायल्या. तरी वैजयंताचा चमचा ग्लासाशीच अडला.

"मी सांगते म्हणून पाजू नका," मॅडम म्हणाल्या. "हा रिपोर्ट वाचा."

शिसं किती, रंग किती, किती असलं तर चालतं. बोट ठेवून एकेक ओळ वाचायला तिला अर्धा तास लागला. मॅडम स्टुलावर बसून राहिल्या, अडला तेवढा शब्द सांगत. घड्याळाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

मग वैजयंताने चमचा भरला. ओवी प्यायली, आणि तिने ग्लास धरायला हात पुढे केला.

घरी सोडायचा कागद भरताना क्लार्कने विचारलं, तुमचं पेशंटशी नातं काय? तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.

वैजयंताने जरा विचार केला. "लेक लिहा."

त्याने लिहिलं, शिक्का मारला, आणि विहीर टेम्पोत चढवायला चार माणसं बोलावली.