खांबाखांबावर रांगेल साहेब

“नुसता गुप्तहेर काय म्हणतेस? ‘विख्यात’ म्हण! आणि पुढे लाव, ‘व पर्सनल ब्रँड सल्लागार’!” झेल्याझ्को गाडीतच बहिणीवर ओरडला. “सोफियापासून समुद्रापर्यंत माझ्यासारखी नजर कोणाची नाही!”

“दादा, आधी चष्मा पूस,” वेलिच्का म्हणाली आणि कारखान्याच्या फाटकात तिने ब्रेक असा दाबला की विख्यात नजर पुढच्या काचेवर आपटली.

ती त्याची मदतनीस. म्हणजे गाडी तिची, पेट्रोल तिचं, वही तिची. डोकं तेवढं त्याचं, आणि तेही असलं तर.

कारखाना रांगेल मंजुकोवचा. लाकडावर पेटणाऱ्या शेगड्या बनवायचा. अठरा कामगार, वीस वर्षांचा धंदा, आणि आठ दिवसांत एक गिऱ्हाईक नाही! नव्या शाळेच्या तीस शेगड्यांचं काम कोणाला द्यायचं ते आज बारा वाजता नगरपालिकेत ठरणार, आणि तिथूनही फोन नाही. ते काम गेलं तर निम्मे कामगार घरी बसणार होते.

“तूच करून ठेवलंयस हे!” रांगेल खेकसला. “म्हणे माल नका दाखवू, माणूस दाखवा! पर्सनल ब्रँड करा! माझं थोबाड खांबाखांबावर लावलंस आणि फोन मेला!”

“साहेब, ब्रँड तर पेटलाय! काल मी स्वतः पाळत ठेवली. लोक तुमच्या फोटोसमोर थांबतात. टोप्या काढतात! एका बाईने तर डोळे पुसले.”

“मग शेगड्या का घेत नाहीत?”

“कट आहे! लिही, वेलिच्का. संशयित, साहेबांचा प्रतिस्पर्धी दोब्री शेगडीवाला. त्याने साहेबांच्या फोनची तार कापली.”

वेलिच्काने मोबाईल काढून नंबर लावला. टेबलावरचा फोन खणखणला.

“…आणि चलाखीने पुन्हा जोडली,” झेल्याझ्को म्हणाला. “पुढचा मुद्दा. लोक टोप्या का काढतात? गरम होतं म्हणून! दोब्रीने गावाची हवाच तापवलीय.”

“नोव्हेंबरात?”

“म्हणून तर कोणाला संशय आला नाही!”

“आणि फाटकापाशी रोज फुलं कोण ठेवतंय?” रांगेलने विचारलं.

“मोजलीत मी. दोन, चार, सहा. एकदाही तीन नाहीत! खुणेची भाषा आहे ती.”

वेलिच्काचं पेन थांबलं. तिने भिंतीकडे पाहिलं. खांबाखांबावर लावलेला साहेबांच्या फोटोचा कागद तिथेही सोनेरी फ्रेममध्ये टांगला होता.

“दादा, हे बघून मला काहीतरी…”

“बघू नकोस, लिही!”

तेवढ्यात दार ढकलून समोरच्या गल्लीतली त्सोना आजी आत आली. हातात दोन पांढरी फुलं. खुर्चीतल्या रांगेलला पाहून ती किंचाळली, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि मग तीच फुलं उगारून त्याच्यावर धावली.

“अरे मेल्या! म्हणजे तू मेलाच नाहीस?”

“मी कशाला मरू, आजी?”

“मग कागद कशाला लावलास? इथे खांबावर मेलेल्याशिवाय कोणाचा कागद लागतो का? काळापांढरा फोटो, काळी चौकट, आणि खाली काय, तर ‘वीस वर्षं. त्यांची ऊब आपल्या घरात कायम राहील’! म्हटलं, एवढं चांगलं पोर गेलं, दोन फुलं ठेवून येऊ. दोन-चार अशी जोडीची फुलं मेलेल्यालाच, जिवंत माणसाला कोणी देतं का?”

झेल्याझ्को चष्मा पुसू लागला.

“काळा रंग म्हणजे नेतृत्व,” झेल्याझ्को पुटपुटला. “शेगडीचं नाव मुद्दाम गाळलं होतं. माणूस दिसावा म्हणून…”

“आरोपी सापडला,” वेलिच्का म्हणाली. “नाव लिहू का, दादा?”

“माझी सून नगरपालिकेत आहे,” आजीचं चालूच होतं. “बैठकीच्या सुरुवातीला तुझ्यासाठी एक मिनिट शांत उभे राहणारेत म्हणे. मग काम दोब्रीला. ‘रांगेल असता तर त्यालाच दिलं असतं’ म्हणून सगळे हळहळतायत.”

रांगेलने घड्याळ पाहिलं. बाराला पाच कमी. त्याने कोट ओढला. एक बाही अंगात, दुसरी जमिनीवर.

“साहेब, एकदम आत शिरू नका!” झेल्याझ्को मागे धावला. “आधी मिनिट पूर्ण होऊ दे! ब्रँडसाठी असं वातावरण पुन्हा…”

“सरक बाजूला! जातो मी.”

“‘जातो’ म्हणू नये रे मेल्या, ‘येतो’ म्हण!” आजी ओरडली.

“बोलायला वेळ नाही, आजी! ते सगळे खाली बसायच्या आत पोचायला हवं. निघालो!”