लाल फडकं, पांढरं फडकं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. कुणाला वाटेल भिशी होती. भिशी कसली! दुकानदारानं टॉनिकची बाटली दिली होती. ते कांद्याच्या कुठल्या वाफ्यांवर मारायचं आणि कुठल्यांवर नुसतं पाणी, त्याच्या चिठ्ठ्या. भर उन्हात मी बोडक्या डोक्यानं बांधावर उभा, आणि हौसा, माझी बायको, टोपी हलवतेय.

"अगं, त्या कडेच्या वाफ्यांना मारू दे की टॉनिक. जमीन काळी हाय तिथली."

"म्हणूनच न्हाई! चांगली जमीन तुमी बाटलीला देणार, अन् कांदा पोसला की बाटलीचं गुण गाणार. टोपीला काळी-मुरमाड कळत न्हाई."

हे खूळ आमच्या डिंगोरे गावात आणलं एका संशोधनवाल्या मॅडमनं. आमच्या रानात त्या बियाणं तपासायला यायच्या. मॅडम गेल्या, खूळ राहिलं. कोंबड्यांना नवं खाद्य आणलं, तर निम्म्यांना जुनंच. अमक्या काढ्यानं खोकला गेला असं कुणी म्हणालं, की ही विचारणार, "अन् ज्यांनी प्याला न्हाई, त्यांचा ऱ्हायला का?" पाव्हणे चहा अर्धा टाकून उठायचे.

माझे गुडघेसुद्धा सोडले नाहीत. दुखायचे दोन्ही, पण निर्गुडीचं तेल फक्त उजव्याला. डावा कोरडा.

"डावाबी माझाच हाय की गं!" मी ओरडायचो.

"दोन्हीला लावलं तर तेलाचा गुण कळायचा कसा?"

लई डोकं फिरायचं राव.

त्या दिवशी चिठ्ठ्या तिनंच वाचल्या, मला दाखवल्या नाहीत, आणि फवारणीचा पंपही तिनंच भरला. टॉनिकात गूळ, पाण्यातही गूळ, रंग एकच. मी नुसता मारत गेलो. एक मारलं तिथं लाल फडकं, दुसरं मारलं तिथं पांढरं. टॉनिक कुठलं, विचारलं, तर म्हणाली, "काढणीला सांगंन. आत्ता कळलं तर तुमचा डोळा लबाडी करंल. अन् पाणी समद्यांना सारखं द्या. न्हाईतर केलेलं वाया."

संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन बसली. उजवा गुडघा झाला आणि हात डाव्यावर आला.

"अगं, तुझी परीक्षा मोडली की!"

"मोडू द्या. बांध चढताना तुमचं तोंड बघवंना मला."

पहाटे हाक मारली तर उठली नाही. दुपारपर्यंत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाव्हण्यांनी भरलेलं. मी खोरं उचललं आणि मोटर चालू केली. धाकटा भाऊ मागं पळत आला.

"दादा, आज तरी ऱ्हाऊ दे. मी देतो पाणी."

"तू कमीजास्त देशील."

कुठल्या फडक्याचं टॉनिक, ते ती सांगून गेली नाही. मी लाल भरला, पांढरा भरला, पाणी पार शेवटच्या रोपाला टेकेपर्यंत. सगळ्यांना सारखं.