सहा खोट्या भाच्यांची मुलूखगिरी

श्रीगजाननास वंदन आणि वाणीची जी माता तीस दंडवत करून, वर्तमान जाहले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर, चैत्र मास. ते समयी एका दौलतीत घरघंट्या बनत, म्हणजे घरच्या घरी विजेवर पीठ दळावयाची यंत्रे, आणि ती खपवावयास दौलतीचे स्वार फटफट्यांवर बसोन गावोगाव मुलूखगिरी करीत. परंतु दोन वर्षे खप उतरला, आणि मग सरसुभेदार मनोहरपंत टिपरे यांनी थोर मसलत केली. पंत बोलिले, "दारात उभे राहून घंटी दाखवाल तर लोक दार लावतात. आधी गोडीची बोलणी करा. हवापाणी पुसा, गुडघे पुसा, आणि मग सांगा की आमची आत्या तुमच्याच गावात दिली आहे. आत्येच्या गावी भाच्याला कोणी हाकलीत नाही." एका स्वाराने पुसिले, "आणि आत्या नसली तर?" पंत हसोन म्हणाले, "शोधली की सापडते." येणेप्रमाणे हुकूम छापोन ज्याच्या त्याच्या खिशात दिला.

मग त्या सालात मुलखात आत्यांचे अमाप पीक आले. तीस उंबऱ्यांच्या गावात चाळीस आत्या निघाल्या, आणि ज्यांच्या बापास बहीणच नव्हती तेही आत्येच्या आठवणीने डोळे पुसू लागले. या स्वारांत भिवाजी कोळपे म्हणोन एक पन्नाशी उलटलेले जुने गृहस्थ होते. त्यांनीही शंभर गावी हेच म्हटले. पोटासाठी म्हटले, परंतु म्हटले, ते लपविण्यात हशील नाही. फरक इतकाच की भिवाजींस खरी आत्या होती. सगुणाबाई, निंबटेक गावी घोलपांच्या घरी दिलेल्या. भिवाजींची आई वारली तेव्हा त्यांनीच सहा वर्षांच्या पोरास उचलोन नेले आणि वाढविले. पुढे सगुणाबाईंचे यजमान गेले, मूलबाळ नव्हते, नजर मंदावली, आणि भिवाजी दूरच्या सुभ्यात अडकले ते अकरा वर्षे तिकडे फिरकले नाहीत. आता नेमणूक निंबटेकच्या बाजूस जाहली, तेव्हा त्यांनी घंटीचे कागद घरी ठेविले, आत्येस एक लुगडे घेतले आणि निघाले.

वेशीत दगडू म्हणोन एक म्हातारा, अलीकडेच गावी येऊन राहिलेला, विडी ओढीत बसला होता. भिवाजी त्यास म्हणाले, "सगुणाबाई घोलपांकडं जायचंय. माझी आत्या." म्हाताऱ्याने त्यांस खालवर न्याहाळिले. "जावा की. याआधी सहा भाचे येऊन गेले. समदे भिवाच. तुमच्यात दुसरं नाव ठेवत न्हाईत का?" आणि गल्लीकडे तोंड करून ओरडला, "सगुणाकाकू, तुमचा भिवा आला. आणखी एक."

भिवाजी ओटीवर चढले आणि पाहतात तो तीन घरघंट्या ओळीने मांडलेल्या, वरचे वेष्टणही न काढिलेल्या. आणि माळ्यावर जेथे हंडा, परात, घंगाळ लखलखत असे, तेथे नुसते लाकूड. जुनी भांडी मोडीत घेऊन घंटी द्यावी ही पंतांचीच युक्ती होती. परंतु भिवाजींच्या जिभेस सवयीचे तेच सापडले. "नमस्कार आत्या. हवा काय म्हणतेय? गुडघे कसे आहेत?" सगुणाबाई भिंतीस टेकोन शेंगा सोलीत होत्या. हात न थांबविता बोलल्या, "गुडघे जागच्या जागी हायेत. तू कितवा रे?"

"आत्या, मी भिवा."

"पहिल्याला मीच इचारलं, भिवा का रे? तो हो म्हणाला. दुसरा बी हो म्हणाला. आवाज निराळा लागला, पर म्हटलं अकरा वर्षांत घसा बदलला आसंल. भाच्याचं मन कसं मोडू? तिसऱ्याला घंगाळ दिलं तवा कळलं. आता माळ्यावर काय न्हाई. जा बाबा."

भिवाजींनी आईचे नाव सांगितले. आत्या म्हणाल्या, "ते गावात इचारून येतात." मग भिवाजी उंबऱ्यातच बसले. ऊन डोईवर आले तरी हलले नाहीत. शेवटी पोटात कावळे ओरडू लागले, आणि मग भिवाजी कसलाही विचार न करता उठले, सरळ स्वयंपाकघरात गेले आणि शिंके चाचपून करवादले, "आत्ये, भाकरी कुठं ठेवलीस? भूक लागली."

शेंगांवरचे हात थांबले. "शिंक्यावर न्हाई. उतरंडीमागं हाय, मांजर येतं. आन् आधी हात धू, घाणेरड्या." इतके बोलोन आत्या रडू लागल्या. सहा भाच्यांनी चौकशी केली होती. खायला एकानेही मागितले नव्हते.

दुसरे दिवशी भिवाजींनी तिन्ही घंट्या टेम्पोत घातल्या आणि कचेरीत पंतांच्या मेजापुढे नेऊन आदळिल्या. म्हणाले, "भांडी परत द्या." पंत बोलिले, "भांडी केव्हाच वितळली, कोळपे. पण बसा ना. घरी सगळे बरे?" तेव्हा भिवाजींच्या तळपायाची आग मस्तकास गेली. "माझं घर पुसू नका. तुमच्या सहा जणांनी म्हातारीचे गुडघे पुसले आणि माळा पुसून नेला. आपलं माणूस चौकशी करत बसत नाही, पंत. ते घरात शिरून भाकरी मागतं. तिनं मला तेवढ्यावर ओळखलं." पंत कारकुनाकडे वळोन हळूच म्हणाले, "हे लिहून घ्या. फार सुंदर आहे."

मार्गशीर्षात नवा हुकूम छापोन आला: गुडघे पुसू नयेत, सरळ आत जाऊन भाकरी मागावी. भिवाजींनी तो वाचिला, चाकरीवर पाणी सोडिले आणि निंबटेकास जाऊन राहिले. पौषात एके दुपारी एक अनोळखी स्वार दारात आला आणि लाडाने म्हणाला, "आत्ये, भूक लागली." भिवाजी उंबऱ्यात आडवे जाहले. आतून आत्या भिंत धरीत उठल्या आणि बोलल्या, "सर बाजूला. भुकेल्याला कसं हाकलू?" भिवाजी बाजूस सरले.

तात्पर्य, हंडा नेला तर हंडा पुन्हा घडविता येतो. यांनी भूक हा शब्दच नेला. आता खऱ्या भुकेल्याने दारात उभे राहोन काय म्हणावे, हे त्या दौलतीत कोणास ठाऊक असल्यास त्याने कळवावे. लेखनसीमा.