चेअरमनच्या घरची गोळी

राधाकिशन चेअरमनला राग येत नाही, ही गोष्ट चौसाळ्याच्या आसपासच्या गावांत इतकी पक्की होती की भावकीतली भांडणं मिटवायला लोक त्यांना गाडी पाठवून बोलावून घ्यायचे. दूध संस्थेच्या सभेत, खुर्चीवर डोळा असलेल्या धुळाजीनं टेबलावर मूठ आपटली, तरी चेअरमन डोळे अर्धे मिटून म्हणायचे, "बोलू द्या. त्याचंबी मन मोकळं होऊ द्या." गावानं हा थंडपणा त्यांच्या खात्यावर जमा धरला होता आणि त्याच शिलकीवर ते दोनदा बिनविरोध निवडून आले होते.

खातं चेअरमनांचं असलं तरी भरणा दुसऱ्याच कुणाचा होता. आठ वर्षांपूर्वी एकदा टेम्पोभर दूध नासून परत आलं. त्या दिवशीच्या सभेत चेअरमनांची छाती अशी धडधडली की आपण इथंच, वजनकाट्याशेजारी संपतो असं त्यांना वाटलं. बीडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काळीज ठणठणीत आहे, आजार काळजीचा आहे. ही छोटी गोळी झोपताना महिनाभर घ्या आणि महिन्यानं येऊन दाखवा. चेअरमनांनी गोळी घेतली. दाखवायचं राहून गेलं. महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची आठ झाली आणि गोळी चेअरमनांच्या स्वभावाचा भाग होऊन बसली.

ही गोळी यायची दुधाच्या टेम्पोतून. दूध घेऊन बीडला गेलेला टेम्पो परत येताना अर्ध्या गावाची कामं घेऊन यायचा. कुणाच्या पंपाचं वायसर, कुणाच्या लेकीच्या बांगड्या, कुणाचा चष्मा. ड्रायव्हर बंकट कुणाची पुडी उघडून पाहायचा नाही, आणि मेडिकलवाला म्हातारा ओळखीचा असल्यानं घडीवर विरलेली जुनी चिठ्ठी पाहून गोळ्या द्यायचा. असा सगळा कारभार सुरळीत चालला होता.

तेवढ्यात दुष्काळ पडला. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि टेम्पो बंद झाला. चेअरमनांना दुष्काळाची काळजी होतीच. पण गोळ्या संपत आल्याची काळजी अशी होती की तिच्यासाठीही गोळीच लागली असती. स्वतः एसटीनं बीडला जावं, तर कशाला निघालात हे सगळा गाव विचारणार. ते अर्ध्या गोळीवर आले. झोप उडाली. चहाची बशी हातात वाजायला लागली.

शेवटी छावणीसाठी पेंड आणायला टेम्पो बीडला निघाला. चेअरमनांनी बंकटच्या खिशात चिठ्ठी घातली आणि संध्याकाळपर्यंत संस्थेच्या पत्र्याखाली बसून रस्त्याकडं पाहिलं. बंकट आला तो रिकाम्या हातानं, आणि आला तोही नेमका धुळाजी आणि चार सभासद बसलेले असताना.

"अण्णा, म्हाताऱ्यानं दुकान लेकाकडं दिलंय," बंकट म्हणाला. "लेक म्हनतो, ही डोक्याची गोळी हाय, पेशंटला डॉक्टरकडं आना, तवाच मिळंल. कुनाची हाय गोळी?"

पत्र्याखाली सगळ्या माना वळल्या. चार दिवसांवर वार्षिक सभा होती, त्यात चेअरमनची निवड होती. राग न येणाऱ्या माणसाला डोक्याची गोळी लागते हे कळलं असतं, तर धुळाजीला प्रचाराचीही गरज पडली नसती.

"आमच्या मुक्ताबाईची," चेअरमनांच्या तोंडून निघून गेलं. मग नेहमीच्या थंड आवाजात त्यांनी पुस्ती जोडली, "लई दिवसापासून हाय. बोलू नका कुठं."

बोलू नका म्हटल्यावर गावात दवंडीचा खर्च वाचतो. सकाळी धुळाजीची बायको कडूबाई पिठल्याचं पातेलं घेऊन आली, मुक्ताबाईचा हात हातात धरून बसली आणि डोळे पुसून गेली. तिच्यामागं दुसरी आली, तिनं चाकू आणि विळी फडताळावर उचलून ठेवली. तिसरी आली तोवर मुक्ताबाईला सगळा उलगडा झाला होता. ती आत येऊन नवऱ्यापुढं बसली.

"मला काय आजार हाय?"

चेअरमन आधी तांब्याभर पाणी प्यायले. म्हणाले, एवढी सभा होऊ दे, मग लोकांना समजावून सांगतो.

"गोळी तुमची. उशीखाली ठिवता. आठ वर्षं मी ती उशी उचलून झाडते, मला दिसत न्हाई व्हय? वाट पाहिली, कवातरी सांगतील म्हणून. सांगितलं तं गावाला सांगितलं, अन् तेबी माझ्या नावानं. मला कावून न्हाई सांगितलं?"

मुक्ताबाईनं आवाजही चढवला नाही. "बरं. आजारी तं आजारी," एवढं म्हणून तिनं खोचलेला पदर सोडला आणि लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसली.

आजारी माणसानं पाणी भरायचं नसतं. टँकर आला, चर्र आवाज करत कोरड्या विहिरीत मोकळा झाला आणि बायांच्या गर्दीत चेअरमन घागर-दोर घेऊन उभे राहिले. त्यांनी पहिली घागर शेंदली, ती अर्धी विहिरीला परत गेली. बायांनी त्यांना जागा करून दिली. असा मालक मिळायला पुण्य लागतं, असं एकजण त्यांना ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली. घरी आल्यावर भाकरी होती. म्हणजे करायची होती. पीठ परातीत थापलं जायचं, पण परातीतून तव्यापर्यंतचा प्रवास त्याला झेपायचा नाही. मुक्ताबाई बाजेवरून पाहायची आणि एक शब्द बोलायची नाही. आजाराचं हे लक्षण कडूबाईनं गावभर सांगितलं.

बातमी मुक्ताबाईच्या माहेरी, तलवाड्याला पोचली आणि सभेच्या सकाळीच मुक्ताबाईचे भाऊ शहादेव आणि रामहरी मोटारसायकलवर आले. चेअरमन भांडी घासत होते.

"दाजी," शहादेव म्हणाला, "आमी अक्का धडधाकट दिलती. तुमी तिला काय केलं?"

चेअरमन राखेचे हात घेऊन उभे राहिले. रामहरी म्हणाला, भांडण करायला आलो नाही, अक्काला न्यायला आलो; बरी होईस्तोवर तलवाड्यात राहील. चेअरमनांनी मुक्ताबाईकडं पाहिलं. ती आता हसून सगळं सांगून टाकील, असं त्यांना मनापासून वाटलं.

"जाते की," मुक्ताबाई म्हणाली. "इथं कुनाला माझ्याजवळ काही सांगायचंय?"

सभा झाली की निघायचं ठरलं. चेअरमनपद जाण्याची काळजी चेअरमनांना होतीच. आता बायको जाण्याची काळजी त्या काळजीच्या डोक्यावर येऊन बसली, आणि खिशात शेवटची अर्धी गोळी होती.

सभेला पत्र्याखाली सगळा गाव जमला. रिकाम्या कॅनवर पुरुष, मागं बाया, त्यांच्यात मुक्ताबाई, आणि कडेला पाहुणे म्हणून मेहुणे. टेम्पो बंद का, यावर धुळाजी आज पत्रे हलवणार असा सगळ्यांचा अंदाज होता. पण धुळाजी उठला आणि खाली पाहत म्हणाला, चेअरमनच्या घरात दुखणं आहे, आज भांडण नको.

चेअरमनांना ते सोसवलं नाही. ते टेबलाला धरून उभे राहिले. छाती वजनकाट्याच्या दिवसासारखी धडधडत होती.

"मंडळी, मी खोटं बोललो. गोळी माझी हाय. आठ वर्षं मीच खातो. मला भ्या वाटतंय, सभेचं, दुधाचं, तुमचं सगळ्यांचं. मुक्ताबाईला काही झालेलं न्हाई. तिला कोनी नेऊ नका."

मग धुळाजीनं टोपी काढून डोळे टिपले.

"पाहा बे," तो सभासदांना म्हणाला, "बायकोचं दुखनं माणूस भरसभेत अंगावर घ्यायलाय. असा चेअरमन जिल्ह्यात दावा. माझा अर्ज मी माघारी घेतो."

"अरे, खरंच माझी हाय," चेअरमन म्हणाले. त्यावर टाळ्या वाढल्या.

मुक्ताबाई मागून उठली. "खरं बोलायलेत ते," ती म्हणाली, "मला काई झालं न्हाई."

कडूबाईनं तिला हळूच खाली बसवलं आणि शेजारणीला म्हणाली, बिचारीला आपलं आपल्याला कळतही नाही.

चेअरमन बिनविरोध निवडून आले. शहादेव-रामहरी दाजींच्या पाया पडून मोकळ्या गाडीनं तलवाड्याला गेले. मुक्ताबाईनं भरलेली पिशवी पुन्हा खुंटीला लावली आणि त्या दिवशी भाकरी तिनं केली.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको एसटीनं बीडला गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. ही गोळी एकदम तोडायची नसते, आणि आठ वर्षं चालूही ठेवायची नसते, असं त्यांनी बजावलं. थोडी-थोडी कमी करत सोडवू. दर महिन्याला यायचं, आणि येताना बायकोला आणायचं, कारण तुमच्या एकट्याच्या शब्दावर आठ वर्षं गेली. मुक्ताबाईनं गोळ्यांची पुडी आपल्या कनवटीला लावली.

बाहेर येतात तो बाकावर धुळाजी, तोंडाला उपरणं गुंडाळून.

"आमच्या कडूबाईसाठी आलतो," तो विचारायच्या आधीच म्हणाला. "तिला लई धडधड होती. छावनीचा चारा कवा संपंल, म्हनून."

त्याच्या पलीकडं बंकट होता. तोही घरच्यांसाठीच आला होता. त्याच्याही पलीकडं ओळखीची दोन उपरणी भिंतीकडं तोंड करून बसली होती. चेअरमनांनी सगळ्यांना शांतपणे रामराम केला, आणि या खेपेला तो शांतपणा त्यांना गोळीशिवाय आला.

पुढच्या आठवड्यात टँकर आला तेव्हा विहिरीवर पुरुषांची रीघ होती. लिंबाखाली मुक्ताबाईच्या बाजेवर बायांना बसायला जागा उरली नव्हती. कडूबाई धावतपळत आली, रिकामी घागर खाली ठेवली.

"मुक्ताबाई, आमचे म्हनायलेत मला आजार हाय, पानी भरू नको. काय गं आजार हाय मला?"

मुक्ताबाई थोडी सरकली आणि तिला जागा करून दिली.

"बस अगुदर," ती म्हणाली. "टँकर जाऊ दे, मंग सांगते."