थोराकाकूंचा व्हरांडा आणि त्याच्या प्रती

डास चावू नयेत म्हणून घरापुढे जाळीचा व्हरांडा बांधणे हा मॅनिटोबा प्रांतात गुन्हा नाही. थोरा हाल्डरसन यांनी रीतसर परवानगी काढून तो बांधला. नॉर्थ विलो नगरपालिकेचे नकाशाकार कर्टिस पेल्टियर यांनी तो संगणकावरच्या अधिकृत नकाशात रीतसर काढला.

आमच्या नकाशात घर मात्र एकच आहे. कर्टिसच्या आधीच्या माणसाने थोराकाकूंचं घर काढलं आणि बाकीचं गाव त्याच्या प्रतींनी भरलं. प्रतीही साध्या नव्हेत, मुळाशी बांधलेल्या: मुळाला खिडकी पाडली की सगळ्यांना खिडकी. कर्टिसने व्हरांडा रेखाटला तेव्हा चर्चलाही व्हरांडा होता आणि पाण्याच्या टाकीलाही.

नकाशा अधिकृत असल्यामुळे चूक गावाची ठरली. नोटिसा निघाल्या.

*श्री. एमिल कोवाल्चुक यांच्या घराला नकाशाप्रमाणे व्हरांडा नाही. बर्फ पडण्याआधी बांधावा. पत्नीचीही सही आणावी.*

*सेंट ओलाफ चर्च यांच्या घराला नकाशाप्रमाणे व्हरांडा नाही. बर्फ पडण्याआधी बांधावा. पत्नीचीही सही आणावी.*

*पाण्याची टाकी यांच्या घराला नकाशाप्रमाणे व्हरांडा नाही. बर्फ पडण्याआधी बांधावा. पत्नीचीही सही आणावी.*

(पुढच्या नोटिसा वाचकाने स्वतः चिकटवून घ्याव्यात.)

महापौर ग्लेन मॅकलिऑड यांचा व्हरांडा नेमका त्यांच्या गॅरेजच्या दारात आला. म्हणून सभा भरली.

"अनडू कर ना लेका," महापौर म्हणाले.

"करतो की. पण व्हरांड्यानंतर हॉकीच्या मैदानाचं नवं छप्पर नकाशात काढलंय. आधी ते जाईल."

छपराची फीत महापौरांनीच कापली होती. "मग माझ्या एकट्याचा व्हरांडा पूस."

"प्रतीतला पुसता येत नाही, साहेब. मुळातला पाडावा लागेल."

सगळं सभागृह थोराकाकूंकडे वळलं.

"माझ्याकडे काय बघताय?" काकू म्हणाल्या. "डास मला खातात, नकाशाला नाही."

"गावासाठी एवढं करा, काकू."

"गावासाठी दर वर्षी चर्चच्या जेवणाला बटाटा भरून पेरोगी लाटते. चापून खाता की तुम्ही, ग्लेन. व्हरांडा पडणार नाही."

पाडण्याचा ठराव मांडला गेला. हात वर होऊ लागले तेवढ्यात कर्टिसला तोड सुचली. व्हरांड्याशिवायचं नवं मूळ काढायचं, सगळ्या प्रती त्याला बांधायच्या आणि काकूंचं घर जरा बाजूला सरकवायचं. त्याने माउसने घर उचललं, ओढलं आणि सोडलं. ते पानाच्या कडेपलीकडे, कोऱ्या जागेत जाऊन बसलं.

"तात्पुरतं," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. टाकीच्या व्हरांड्याला त्याच सकाळी रंग दिला होता. तो पाडण्यात आला.

हिवाळ्यात बर्फ सारणारी गाडी काकूंच्या फाटकापर्यंत आली, पातं उचलून वळली आणि निघून गेली. काकू फावड्याने वाट काढत नगरपालिकेत पोहोचल्या.

"कर्टिस, माझं घर आहे की नाही?"

"आहे, काकू. पानावर नाही, एवढंच."

"मग सरकव परत."

"पानाबाहेरची वस्तू हलवायला मालकाचा रहिवासी दाखला लागतो."

"दे की मग दाखला."

"तो पानावरच्यांनाच मिळतो."

"आणि मी मेले तर?"

"मृत्यूचा दाखलाही पानावरच्यांनाच, काकू. म्हणजे एका अर्थी तुमचं चांगलंच झालं."

उन्हाळा आला. काकूंनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात कॉफीला बोलावलं. कोणी तरी येत राहिलं तर घर टिकेल, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही केक घेऊन गाड्यांतून निघालो. गावाचा नकाशा आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. रस्ता संपला असं फोनने सांगितलं, तिथे आम्ही थांबलो आणि काकूंचं घर कुठे असेल यावर आमची चर्चा सुरू झाली.

"अरे, इकडे बघा," समोरच्या जाळीतून आवाज आला. "कॉफी गार होतेय."

"आवाज ओळखीचा वाटतो," एमिल म्हणाला आणि दोन बोटांनी नकाशा मोठा करून पाहू लागला.

काकूंनी आणखी एकदा हाक मारली. फोनवर तिथे कोरी जागाच होती. डास फार चावत होते, म्हणून आम्ही गाड्या वळवल्या.

तुम्ही असतात तर मान वर केली असतीत, असं तुम्हाला वाटतंय. हे वाचायला बसल्यापासून घरातून तुम्हाला दोनदा हाक आली आहे.